वीस गुंठे गवत

सप्टेंबर लागला की नॉर्थ कॅरोलायनात गवताला दम लागतो. म्हणजे लागत असावा. सगळेच तसं सांगतात. ऑफिसात, किराणा दुकानात, मुलांच्या सॉकरच्या मैदानाशेजारी, जो भेटेल तो विचारतो, 'एरेशन झालं का?' जमीन दबलेली असते, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिला भोकं पाडायची. तीही नुसत्या खिळ्यांनी टोचून भागत नाही, कारण खिळा घुसला की भोकाभोवतीची माती उलट आणखी आवळते. अर्ध्या-पाऊण इंच जाडीच्या, दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या कांड्या उपटून वर टाकायच्या, त्यावर फेस्क्यू नावाच्या गवताचं बी पसरायचं, पाणी घालून गवत वाढवायचं आणि वाढलं की दर शनिवारी कापायचं.

आमची माती लाल आणि चिकण. बिल्डर घर बांधताना वरचा चांगला थर खरवडून नेतो, उरलेल्या मातीवर महिनोन् महिने अवजड यंत्रं फिरवतो, आणि शेवटी वर गवताची गुंडाळी उलगडून किल्ली आपल्या हातात ठेवतो. या मातीच्या विटा मात्र झकास होतात. रॅलेच्या स्टेट युनिव्हर्सिटीतला एक अख्खा चौक विटांनी मढवलाय, त्याचं नावच पडलंय ब्रिकयार्ड.

एरेटर भाड्याने मिळतो. पण सप्टेंबरातले सगळे शनिवार लोकांनी ऑगस्टातच धरून ठेवलेले असतात, आणि ते सव्वाशे किलोचं धूड आणायला पिकअप लागतो. माझ्याकडे मिनीव्हॅन. गवत कापायच्या मोवरच्या मागे जोडायचा तयार एरेटर विकत मिळतो, पण वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूला एवढे डॉलर? मी पदवीने मेकॅनिकल इंजिनियर आहे. पोट सॉफ्टवेअरवर चालतं, ते सोडा. कॉलेजच्या वर्कशॉपात लोखंडाच्या तुकड्याला कानस मारमारून मी काटकोन काढला होता, आणि इतक्या वर्षांत त्या काटकोनाचं काहीही झालेलं नव्हतं.

त्यातच आबा आले. सहा महिन्यांच्या व्हिसावर, कोरेगाव तालुक्यातलं खरीप धाकट्या काकांवर सोपवून. पहिल्याच दिवशी मागच्या अंगणात उभे राहून त्यांनी डोळ्यांनी माप घेतलं.

"किती हाय?"

"अर्धा एकर. घर धरून."

"वीस गुंठं!" वीस गुंठ्यांतल्या आल्याच्या पिकावर माझं एक वर्षाचं शिक्षण निघायचं, त्यामुळे हे माप त्यांना तोंडपाठ. "मग घेतोस काय यात?"

"गवत."

"आन् जनावरं?"

"नाहीत."

"मग कापल्यालं गवत कुणाला घालतोस?"

"त्याच गवताला. तिथंच पडू देतो."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. साऱ्या देशात असंच आहे का, असं त्यांनी विचारलं. २००५ साली नासाच्या संशोधकांनी उपग्रहाची चित्रं वापरून अंदाज केला होता की अमेरिकेत सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर जागेवर असलं गवत आहे. म्हणजे आपल्या निम्म्या महाराष्ट्राहून जास्त. हे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उजव्या शेजाऱ्याच्या हिरवळीपाशी वाकून त्यांनी एक दोरा उपटला आणि किंचाळलेच. "आरं, ही तर हराळी!"

हराळीच. इथे तिला बर्म्युडा म्हणतात. ती मुद्दाम पैसे मोजून लावतात, तिला खत घालतात. ज्या हराळीपायी आबांनी आणि त्यांच्या आबांनी खुरपी झिजवली, जी कुळवाच्या पासेतून सुटते आणि पुढच्या पावसात दुप्पट होऊन उगवते, ती हा माणूस तुषार सिंचनाने जोपासतो. "एवढ्या दुर्वा? ह्येच्याकडं गणपती किती दिवसांचा असतो?" आबांनी विचारलं. खरं तर आमच्या गणपतीच्या दुर्वा त्याच्याकडूनच येतात. त्याला वाटतं, आम्ही त्याच्या हिरवळीचे चाहते आहोत.

तर यंत्र. एरेटर मी घरीच बनवायचं ठरवलं. गराज सेलमध्ये मला व्यायामाच्या बिडाच्या प्लेटा मिळाल्या, दहा-दहा पौंडांच्या. कुणाचा तरी नववर्षाचा संकल्प गंजून पडला होता. प्लेटेला मध्ये एक इंची भोक, लोखंडी सळई एक इंची. विधात्याने आखून दिल्यासारखं डिझाइन. प्लेटेच्या कडेला ड्रिलने भोकं पाडायची आणि एरेटरचे सुटे मिळणारे पोकळ चमचे नट-बोल्टने आवळायचे. बिडाला ड्रिल लावलं की काळी पूड उडते. ती नाकात जाते, कानात जाते, आणि बायकोने गराजमध्ये वाळत घातलेल्या सांडग्यांवरही जाते. या शेवटच्या विषयावर मी इथे अधिक लिहिणार नाही.

अँगलची चौकट झाली, मोवरला जोडायचा दांडा झाला. प्लेटा सळईवर ओवून मी त्या पिना ठोकून पक्क्या केल्या. आबा खुर्ची टाकून बघत होते.

"वळणार कसं ह्ये?"

"म्हणजे?"

"गाडीची चाकं आखावर मोकळी असत्यात. भाईरच्याला जादा पळावं लागतं, आतल्याला कमी. तू तर समदी येका दावणीला बांधलीस. वळताना रान फाडंल की."

डिफरन्शियल! थर्ड इयरला मी यावर आकृतीसह दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. पिना उपटल्या. प्लेटांच्या मध्ये पाइपचे तुकडे घातले, दोन्ही टोकांना तेवढी कॉलर आवळली आणि प्रत्येक प्लेट आपापली फिरू लागली.

जमीन कधी फोडायची, हेही आबांनीच ठरवलं. इथले जाणकार सांगतात, आदल्या दिवशी इंचभर पाणी द्या. आबांनी घड्याळ बघितलं नाही. सकाळी अनवाणी जाऊन त्यांनी मूठभर माती काढली, दाबून लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. पहिल्या सकाळी लाडू पडला आणि पचकन चपटा झाला. "न्हाई." दुसऱ्या सकाळी पडला आणि फुटून विखुरला. "वाफसा आला. जुंप."

मी मोवरवर बसलो, यंत्र जुंपलं आणि निघालो. मागे वळून बघितलं तर चमचे गवताला गुदगुल्या करत चालले होते. एक भोक पडेल तर शपथ. वजन हवं. दोन काँक्रीटचे ठोकळे चढवले. चमचे नखभर रुतले. आणखी दोन ठोकळे. बोटाचं एक पेर. दुकानात जाऊन आणखी ठोकळे आणावेत, असा विचार चालू असताना आबा म्हणाले, "मी हुबा ऱ्हातो की वर. रान सपाट करताना मैंदावर कोन हुबं ऱ्हातं मग?" आणि त्यांनी खरोखरच एक पाय चौकटीवर ठेवला.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "आबा, उतरा आधी! तुमच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये औतावरून पडणं बसत नाही."

"मग वजन आणू कुठून?" मी ओरडलो.

असले प्रश्न बायकोला विचारू नयेत, कारण ती उत्तर देते. तिने पाटा आणून दिला. साताऱ्याहून तेवीस किलोच्या बॅगेत एकोणीस किलोचा पाटा तिने आणला होता, तेव्हा मी विमानतळावर जे जे बोललो होतो ते ते सगळं तिने पायऱ्या उतरताना मला परत ऐकवलं. पाटा दोरीने बांधला. चमचे खसकन रुतले आणि मागे लाल कांड्या पडू लागल्या. शेळ्यांचा कळप नुकताच गेल्यासारखं अंगण दिसायला लागलं. आबा दोरीचं टोक हातात धरून मागून चालत होते आणि वळणावर मोवरला 'हो, हो' म्हणत होते. मोवर ऐकत नव्हता, पण वळत होता.

डाव्या हद्दीजवळून तिसरी फेरी घेताना चमच्यात काहीतरी अडकलं. पातळ, हिरवी वायर. ती काय असावी याचा विचार करेपर्यंत डावीकडचा कुत्रा आमच्या अंगणात येऊन आबांचे पाय चाटायला लागला. त्याच्या मागोमाग शेजारी आला. कुत्र्याने अंगण सोडून जाऊ नये म्हणून जमिनीत दोन-तीन इंच खाली जी तार पुरतात, ती ही. कुत्रा तिच्याजवळ गेला की गळ्यातला पट्टा त्याला झटका देतो. आता तार तुटली होती आणि कुत्रा स्वतंत्र होता.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. तार कुणाच्या रानात हाय?"

कोपऱ्यातली हद्दीची लोखंडी खूण शोधली, दोरी ताणली. तार आमच्या बाजूला चार बोटं.

"चार बोटं!" आबांचा चेहरा उजळला. इथे आल्यापासून ते एवढे खूश कधीच दिसले नव्हते. कोरेगावच्या कोर्टात आमची बांधाची केस माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. "बांध कोरलाय ह्येनं. मोजणी आणायची. इचार त्याला, तलाठी कोन हितला?"

शेजाऱ्याने मला विचारलं, काय म्हणतायत?

"म्हणतायत, कुत्रा गुणी आहे."

पण शेजाऱ्याचं लक्ष तारेवर नव्हतंच. तो गुडघे टेकून यंत्राकडे बघत होता. एक प्लेट हाताने फिरवून बघितली, शेजारची स्थिर राहिली, तसा तो खूश झाला. पाट्यावरून बोट फिरवून त्याने हे वजन कुठल्या दुकानात मिळतं, असं विचारलं. मग जरा चाचरत म्हणाला, त्याच्याही हिरवळीचं एरेशन राहिलंय. काय भाडं घ्याल?

मी भाषांतर केलं. आबांनी हात झटकला. "भाडं कसलं? इर्जिक. आज आपलं रान, शनवारी त्याचं. तारंला त्यानं यावं, यंत्राला आपन जाऊ. ज्याचं रान त्यानं समद्यांना जेवाय घालायचं."

एवढं सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत माझी दमछाक झाली, पण शेजाऱ्याला ते एका दमात पटलं. शनिवारी ग्रिल पेटवतो म्हणाला, डुकराच्या बरगड्या त्याच्यासारख्या अख्ख्या गल्लीत कुणी भाजत नाही.

आबांनी गळ्यातली माळ सदऱ्याबाहेर काढली. मी सांगायच्या आधीच त्यांना अंदाज आला होता.

"शनवारी एकादशी हाय. त्याला म्हणावं, बटाटं भाजून ठेव. आन् तार चार बोटं मागं घे."