सेट झालास का?

तासगावजवळच्या एका गावात आमच्या तात्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी दारात चपला काढतोय तोवर आतून प्रश्न आला.

"काय रं, सेट झालास का न्हाय?"

"झालो की तात्या. 2019 लाच."

तात्यांचा चेहरा उजळला. "आरं, मग सांगायचं न्हाईस व्हय! पगार किती?"

इथे माझं घोडं पेंड खातं. मी जो सेट झालो ती परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती. दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास, आणि शेवटी साधारण 6 टक्के लोक पात्र. पात्र म्हणजे काय, तर प्राध्यापक व्हायला हरकत नाही. करून घ्यायला मात्र कुणीतरी लागतं. तात्यांच्या सेटमध्ये कायमची नोकरी, फ्लॅट, बायको आणि झालंच तर चारचाकी येते. माझ्याकडे पहिल्या सेटचं प्रमाणपत्र आहे, लॅमिनेशन केलेलं. दुसऱ्या सेटमधलं अजून फक्त हेल्मेट आलंय.

"मी तासावर शिकवतो, तात्या. जेवढे तास, तेवढे पैसे."

"म्हंजी रोजंदारी?"

"रोजंदारीत रोज मिळतात. आमचे वर्षातून एकदोनदा येतात. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत."

तात्या द्राक्षबागायतदार. त्यांनी मनातल्या मनात छाटणीच्या मजुरीशी ताळा करून पाहिला. "च्या तरी देत्यात का?"

"स्वतःचा आणायचा."

"आमी देतो," तात्या हळूच म्हणाले. तो टोमणा होता की नोकरीची ऑफर, मला अजून कळलेलं नाही.

ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे 430 अर्थ दिलेत म्हणतात. त्या दिवशी दुपारपर्यंत बरेचसे त्या घरातच माझ्या अंगावर आले. स्वयंपाकघरात आई मठ्ठ्याच्या पातेल्यावरचं ताट उचलून "दही काय मस्त सेट झालंय" म्हणाली आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाली. वहिनींच्या गळ्यात मोत्यांचा सेट. हॉलमध्ये प्लॅस्टिक न काढलेला सोफासेट, ज्यावर बसलं की माणूस आपोआप घसरत पुढे येतो. तात्या मध्येच उठून मळ्यात जाऊन आले, कारण लाईट आली होती आणि पंपसेट चालू करायचा होता. आहेरात पाच लेमनसेट. लेमनसेटमधून कुणी लिंबू सरबत प्यायलेलं मी या जन्मात पाहिलेलं नाही. त्यातला एक तर मी ओळखला. खोक्याच्या कोपऱ्यावरचा शाईचा डाग माझ्याच पेनाचा होता.

पंगतीत शेजारी चुलतभाऊ बसला होता. त्याने जिलबी उचलत कानात विचारलं, "तुझं कुठं सेटिंग नाही का?"

या शब्दाला नुसतं शेपूट फुटलं की त्याची चालच बदलते. सेट झालेला माणूस चौकात उभा राहून सांगतो. सेटिंग कानातच सांगायचं असतं, मग ते कॉलेजातल्या मुलीशी असो नाहीतर संस्थाचालकाशी. आमच्याकडे जाहिरात येते, मुलाखत होते, तज्ज्ञ नाव विचारतात, मग आडनाव जरा सावकाश विचारतात, आणि चहा येईपर्यंत आपल्याला कळलेलं असतं की ही जागा कालच सेट झालीय. एका ठिकाणी मला थेट विचारलं, "सर, तुमची तयारी किती?" मी भोळेपणाने म्हणालो, "रिअल अॅनालिसिस पूर्ण, टोपॉलॉजी बऱ्यापैकी." समोरचे गृहस्थ बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

त्यात माझा विषय गणित, आणि गणितातही संच, म्हणजे पुन्हा सेटच. जेवणानंतर सगळे ओसरीवर पान लावत बसले असताना मी तात्यांना जॉर्ज काँटरची गोष्ट सांगायला घेतली. 1874 च्या सुमारास या माणसाने संचांचं गणित उभं करायला सुरुवात केली. त्याला जायचं होतं बर्लिनला. तिथे क्रोनेकर नावाचं बडं प्रस्थ होतं आणि त्याला काँटरचं गणित बघवत नव्हतं. बर्लिनची जागा काही मिळाली नाही, उभा जन्म हाले नावाच्या गावच्या विद्यापीठात गेला. "म्हणजे बघा तात्या, ज्याने सेट शोधले, तोच सेट झाला नाही!"

हे वाक्य मी वर्गातही म्हणतो. तिथे टाळी पडते.

तात्यांनी चुना बोटावर घेतला. "त्या हालेत त्यो परमनंट व्हता का?"

"होता. 1879 पासून पूर्ण प्राध्यापक."

"मग?"

यावर गणितात उत्तर नाही. मी उठून आत गेलो. आत पोरांचा गलका चालला होता, कारण नव्या टीव्हीवर काहीच दिसत नव्हतं. सेट-टॉप बॉक्सची वायर भलत्याच भोकात खुपसलेली होती. मी ती काढून जागेवर लावली, रिमोटची चार बटणं दाबली, भाषा मराठी केली. चित्र आलं. दारात उभे राहून बघणारे तात्या खूश होऊन अंगणाकडे तोंड करून ओरडले, "आरं, झालं रं सेट! आमच्या पोरानं करून दाखवलं!"

स्वयंपाकघरातून आई साखरेचा डबा घेऊन धावत आली.