स्किन इफेक्टचा बागुलबुवा
महागडी स्पीकर केबल 'स्किन इफेक्ट' (जास्त वारंवारतेचा विद्युतप्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत एकवटणं) टाळते आणि म्हणून आवाज सुधारतो, हा एका लेखातला दावा वाचून हसू आलं. परिणाम खरा आहे, नाही असं नाही. पण 20 किलोहर्ट्झला, म्हणजे तरुण कानांच्या अगदी वरच्या टोकालाही, तांब्यात प्रवाह मुख्यतः पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खोलीपर्यंत वाहतो. चार-पाच मीटर तारेत त्याने काय डोंबल फरक पडणार! तारेची जाडी-लांबी बघा, टोकं घट्ट आवळा, झालं. केबल बदलल्यावर 'पडदा सरकल्यासारखं वाटलं' म्हणणाऱ्यांनी कोणती केबल जोडलीय ते न बघता, साध्या आणि महागड्या दोन्ही केबलचा आवाज मोजून सारखा ठेवून ऐकावं. जरासं मोठं वाजलं तरी कानाला ते 'स्पष्ट' वाटतं. आणि भिंतीतून साधीच वायर येत असताना शेवटच्या मीटरभर महागड्या पॉवर कॉर्डने (उपकरण सॉकेटला जोडणाऱ्या वायरने) वीज 'शुद्ध' कशी होते, हेही कुणीतरी समजावा.