‘भाडोत्री वादक’ : हर्बी फ्लॉवर्सवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लिश बेसवादक हर्बी फ्लॉवर्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही कळकळीने लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं : ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ हे अमेरिकन गायक-गीतकार लू रीडचं गाणं, त्यात बेस वाजवून गेलेल्या भाडोत्री वादकाला मी उगाच डोक्यावर घेतलं. ठरलेले पैसे घेऊन तो घरी गेला, मग त्याच्यावर ‘अन्याय’ कसला? आणि ज्याने ‘ग्रँडॅड’सारखं पोरकट गाणं लिहिलं, त्याला थोर म्हणायचं कसं?

अन्यायाचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. तो शब्द मी घाईत लिहिला. १९७२ साली लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत फ्लॉवर्स त्या गाण्यासाठी आला, तेव्हा सेशनची, म्हणजे ध्वनिमुद्रणापुरतं येऊन वाजवण्याची, फी ठरलेली होती आणि ती त्याला मान्य होती. एकाच गाण्यात दोन वाद्यं वाजवली की पैसेही जास्त मिळत, म्हणून त्याने डबल बेसवर (उभं धरून वाजवायचं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) एकदा वाजवून त्यावर बेस गिटारने (खर्जातले सूर देणारी गिटार) दुसरी ओळ चढवली. हे त्याने पुढे बीबीसी रेडिओवर स्वतःच सांगितलं. हाती १७ पौंड आले, असं सांगतात. या व्यवहारात कुणी कुणाला फसवलं नाही.

पण त्याने केलं काय, ते नीट ऐका. गाण्यात मुख्यतः दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, आहेत. षड्जाचा आणि मध्यमाचा म्हणा. डबल बेस सा आणि म यांच्यामध्ये घसरत राहतो, आपल्याकडे मींड घेतात तसा. त्याच्या वर बेस गिटार त्याच चालीने गंधार आणि धैवत यांच्यामध्ये घसरते. तीही शेजारच्या गंधारावर नाही, वरच्या सप्तकातल्या गंधारावर. खालच्या पट्टीत सा-ग जवळजवळ वाजवले तर आवाज गढूळ होतो. मध्ये एक सप्तक सोडलं की तेच दोन स्वर मोकळे होतात. हे अंतर कुणीतरी निवडावं लागतं, आणि ते बेसवाल्याने निवडलं. दुप्पट बिलाचा विचार डोक्यात असताना त्याला हे सुचलं, याने त्याची किंमत माझ्या लेखी तरी तसूभर कमी होत नाही.

‘गाणं लू रीडचं’ हे मला मान्यच आहे. शब्द त्याचे, चाल त्याची, गाण्यातली माणसं त्याने पाहिलेली. पण १९९० मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या न्यूयॉर्कच्या रॅप गटाने ‘कॅन आय किक इट?’साठी या गाण्यातून जे उचललं, ते शब्द नव्हते, गायकाचा आवाजही नव्हता. उचलला तो बेस. आणि त्या उचलीची रॉयल्टी गेली लू रीडकडे. कायद्याने तेच योग्य होतं, कारण गाण्याचा कर्ता म्हणजे शब्द आणि चाल लिहिणारा. बेसची ओळ ‘वाजवण्यात’ धरतात, ‘लिहिण्यात’ नाही. माझी तक्रार १७ पौंडांबद्दल नाहीच, या विभागणीबद्दल आहे, आणि ती मूळ लेखात मला नीट मांडता आली नाही.

म्हणूनच ‘ग्रँडॅड’चा विषय तुम्ही काढलात याचा आनंद झाला. फ्लॉवर्स त्या गाण्याच्या धृपदाशी अडला होता. त्याचा मित्र केनी पिकेट घरी आला आणि त्याने दारावरची घंटा वाजवली. त्या उतरत्या दोन सुरांत फ्लॉवर्सला धृपद सापडलं. क्लाइव्ह डन या विनोदी नटाने ते गायलं आणि जानेवारी १९७१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. लेखक म्हणून नावं लागली फ्लॉवर्स आणि पिकेट यांची. दारावरच्या घंटेच्या दोन सुरांना कर्तेपण मिळालं; दीड वर्षांनंतरच्या त्या दोन बेसना नाही. दोन्हीकडे माणूस तोच, कान तोच. गाणं पोरकट आहे की नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही. आजोबांवरचं गाणं आहे, मुलांनी म्हणायचं आहे, आणि मला ते आवडतं.

आता ‘भाडोत्री’. तुम्ही हा शब्द ‘जे सांगतील ते वाजवणारा’ या अर्थाने वापरलात. हर्बीला तो लागू पडत नाही, याचं माझ्या दृष्टीने सर्वांत ठळक उदाहरण फिलाडेल्फियाजवळचं आहे. जुलै १९७४, इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा अमेरिकेचा दौरा, टॉवर थिएटर. रंगमंचावर जादा मायक्रोफोन दिसले आणि वादकांच्या लक्षात आलं की कार्यक्रम अल्बमसाठी ध्वनिमुद्रित होतोय. त्यासाठी त्यांना मिळणार होते वादकांच्या युनियनच्या दराचे ७० डॉलर. कार्यक्रमाला तासभर उरला असताना सगळे अडून बसले आणि पुढे होऊन बोलला तो हर्बी. प्रत्येकी ५,००० डॉलर कबूल झाल्यावरच मंडळी रंगमंचावर गेली. दोन वर्षांपूर्वी १७ पौंड खळखळ न करता घेणारा तो हाच. आपल्या कामाचा भाव आणि कुणी न विचारता घेतलेलं काम, यांतला फरक त्याला पक्का ठाऊक होता.

त्याचं वाजवणं मला ओळखू येतं ते मोकळ्या जागांमुळे. तो रॉयल एअर फोर्सच्या बँडमध्ये ट्यूबा हे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य वाजवत असे आणि डबल बेस त्याने जोडवाद्य म्हणून घेतला. ट्यूबावाल्याला श्वास घ्यायला थांबावंच लागतं. ती सवय पुढे त्याच्या बोटांत उतरली, असं माझं मत आहे. १९७३ चं डेव्हिड एसेक्सचं ‘रॉक ऑन’ ऐका. गाण्यात गिटारचे कॉर्ड नाहीतच. मधली एवढी पोकळी तो बेस एकटा तोलून धरतो. (निर्माता जेफ वेन याच्या आठवणीप्रमाणे इथेही दोनदा वाजवून १२ पौंडांचे २४ झाले.) हॅरी निल्सनच्या ‘जंप इंटू द फायर’मध्ये तर तो वाजवता वाजवता तार सैल करत नेतो, आणि स्वर खाली खाली ढासळत जातो. ती ढासळण तशीच ठेवली म्हणून ते गाणं आजही अंगावर येतं.

आपल्याकडे साथीदार हा शब्द आहे. तबलजी, पेटीवाले मंचावर समोर बसतात, त्यांचं नाव पुकारलं जातं, दाद थेट त्यांना मिळते. सेशनवाल्याचं तसं नसतं. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी अशीच हयात घालवली आणि आपण त्यांची गाणी गायकाच्या नावाने ओळखत राहिलो. मी स्वतः काही वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला आहे. गायकांची नावं सांगून झाल्यावर निवेदक ‘आणि आमचे सर्व वादक’ म्हणायचा, ते अजून माझ्या कानात आहे. मूळ लेख लिहिताना ते माझ्या मनात होतंच, हे तुमच्यापासून लपवत नाही.

हर्बी ५ सप्टेंबर २०२४ ला गेला, ८६ वर्षांचा होऊन. मूळ लेखातलं ‘१७ पौंडांत अन्याय झाला’ हे वाक्य आज काढून टाकलं आहे. त्या जागी कर्तेपणाचा मुद्दा आणि ‘ग्रँडॅड’ची घंटा घातली आहे, आणि दुरुस्ती तुमच्यामुळे झाली हेही तिथे नोंदवलं आहे. ‘भाडोत्री’ हा शब्द मात्र माझ्या लेखात येणार नाही. तुम्ही ते गाणं एकदा चांगल्या इअरफोनवर ऐका, लू रीड तोंड उघडण्याआधीचा भाग दोनदा, आणि मग पुन्हा लिहा.