शाफ्टवरील कोटिंग सुटल्याच्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या पंपाच्या झिजलेल्या शाफ्टवर आम्ही आर्क स्प्रे पद्धतीने (विजेच्या आर्कने धातूची तार वितळवून तिचे थेंब फवारून) १३ टक्के क्रोमियमच्या पोलादाचे कोटिंग करून दिले होते. ते तीन महिन्यांत की-वेजवळून (शाफ्टवर चावी बसवण्यासाठी असलेल्या खाचेजवळून) पापुद्र्यासारखे सुटले आणि आपल्याला पंप बंद ठेवावा लागला, ही आपली तक्रार खरी आहे. परत आलेला शाफ्ट मी स्वतः तपासला. चूक आमची आहे आणि तिच्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

मात्र ‘कोटिंग जाड दिले असते तर टिकले असते’ हे आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही, कारण त्यावर विसंबून पुढचे काम केले तर तेही असेच सुटेल. या पद्धतीत वितळलेल्या धातूचे थेंब पृष्ठभागावर आदळून चपटे होतात, थंड होताना आकसतात आणि प्रत्येक नव्या थराबरोबर कोटिंगमधला ताण वाढत जातो. वेल्डिंगप्रमाणे ते मूळ धातूशी एकजीव होत नाहीत. ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे कठीण कणांचा मारा करून, खडबडीत केलेल्या पृष्ठभागाला मुख्यतः धरून राहतात. जाडी वाढवली तर ताण वाढतो, पकड तेवढीच राहते. हा ताण कडेशी सर्वाधिक असतो, आणि आपल्या की-वेची कड धारदार होती. स्प्रे करण्यापूर्वी ती गोलसर करायला हवी होती. ड्रॉइंगमध्ये तसे दाखवलेले नसल्याने आमच्या कारागिरांनी तिला हात लावला नाही. परंतु ही उणीव ओळखून काम थांबवणे आणि आपल्याला विचारणे हे आमचेच कर्तव्य होते. मधल्या भागातील कोटिंग आजही घट्ट आहे, छिन्नीनेही ते सहज निघाले नाही, त्यामुळे ब्लास्टिंगमध्ये दोष नसावा असे माझे मत आहे.

उष्णतेने शाफ्ट वाकला असावा, ही आपली शंकाही तपासली. स्प्रे करताना शाफ्टचे तापमान साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आत ठेवले जाते, आणि दोन्ही टोकांना सेंटरवर धरून फिरवत डायल गेजने (सूक्ष्म वाकडेपणा दाखवणाऱ्या मापकाने) मोजले असता तो सरळ असल्याचे दिसले.

आपली संमती असल्यास जुने कोटिंग पूर्ण काढून, कडा गोलसर करून, निकेल-ॲल्युमिनियमचा बाँड कोट (पकड वाढवणारा पहिला थर) देऊन आम्ही हे काम ग्राइंडिंगसह विनामूल्य पुन्हा करून देऊ. दोन्ही वेळचा वाहतूक खर्च आमच्याकडे राहील. कडेची त्रिज्या दाखवणारे सुधारित ड्रॉइंग आधी आपल्याकडे पाठवू, आणि आपल्या सहीशिवाय स्प्रे सुरू होणार नाही.