वजनकाट्याजवळची पवित्रता

आमच्या नंदुरबार-नवापूर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पवित्र जीवनावर संदेश भरपूर होतात. दारू सोडा, तंबाखू सोडा, उपास-प्रार्थना वाढवा. दारूने पाड्यापाड्यांवर किती संसार धुळीला मिळवले ते डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण संदेश तिथेच थांबतो, हे मला मनापासून खटकतं.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय काढून बघा. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र असा, असं देव सुरुवातीलाच सांगतो. आणि पुढे काय येतं? शेताचा कानाकोपरा कापू नका, कापणीनंतर मागे पडलेला सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. तराजू खरा ठेवा. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात हीच आज्ञा घेतली आणि सगळ्या आचरणाला लावली.

आता आपल्याकडची कापूस वेचणी बघा. बाया दव असतानाच कमरेला ओटी बांधून शेतात शिरतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात. संध्याकाळी भाजीत तिखट घालताना बोटं नुसती पेटतात. मजुरी किलोवर, म्हणजे अख्खा दिवस त्या काट्यावर टांगलेला. तिथे कुणी 'माल ओला आहे' म्हणत दोन किलो उडवतो, वर 'पैसे बाजारच्या दिवशी बघू' म्हणतो. हा माणूस रविवारी पहिल्या रांगेत बसून हात वर करत असेल, तर पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्याला विचारायलाच हवं. मापात पाप आणि ओठांवर स्तुती देवाला चालत नाही. अडवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते, असं याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहून ठेवलंय.

गाठोड्यात ढेकळं घालून वजन वाढवणाऱ्यालाही हे लागू आहे बरं का. न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नका आणि मोठ्याचा मुलाहिजाही ठेवू नका, हे लेवीयच्या त्याच अध्यायात आहे.

आम्ही कॅथलिक नाही, पण कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये पवित्रतेचं पाचारण सर्वांनाच आहे, फादर-सिस्टरांपुरतं नाही, असं स्वच्छ मांडलं, ते मला पूर्ण पटतं. मुकादम, दुकानदार, शिक्षक, सगळेच त्यात आले.

म्हणून पाळकांना एक विनंती. यंदा वेचणी सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी लेवीयचा हा 19 वा अध्याय पूर्ण वाचा. आणि ज्यांच्याकडे कुणाची मजुरी थकली आहे, त्यांना ती त्याच दिवशी चुकती करायला सांगा.