काकांची वकिली

काकांना जाऊन आता महिना होत आला. या काळात घरी भेटायला आलेल्यांत नातेवाइकांपेक्षा त्यांचे पक्षकारच अधिक होते, आणि त्यांतल्या कित्येकांचे दावे काका हरलेले होते. एका गृहस्थांचे अपील फेटाळले गेले होते, तरी त्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराचा कागद ते सही करण्याआधी काकांना दाखवत आले. वकिलाची थोरवी जिंकलेल्या दाव्यांवरून मोजण्याची आपली रीत मला म्हणूनच मान्य नाही. निकाल पुराव्यावर, कायद्यावर आणि न्यायाधीशांच्या मतावर अवलंबून असतो. आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत खरे सांगणे आणि काम संपल्यानंतरही त्याचा विश्वास सांभाळणे मात्र पूर्णपणे वकिलाच्या हातात असते.

खरे सांगण्याच्या बाबतीत काका कोणाचीही भीड ठेवत नसत. उसने दिलेले पैसे बुडाले म्हणून कोणी आले, की ते आधी तारीख विचारत. अशा वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत कर्जदाराने लेखी कबुली दिलेली असेल, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. त्यामुळे एखादे पत्र, हिशेबाखालची एखादी सही सापडते का, हे ते माणसाला घरी पाठवून पुन्हा शोधायला लावत. काहीच हाती लागले नाही, तर "हा दावा टिकणार नाही, कोर्ट फी भरू नका" असे स्पष्ट सांगत आणि त्या सल्ल्याची फी घेत नसत. बाई पक्षकार असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे फीचा विषय निघण्याआधीच तिच्या कानावर घालत. हाती आलेले काम यामुळे दुसरीकडे जाईल, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. निकाल लागल्यावर मिळणाऱ्या रकमेत वाटा देऊ, असे म्हणणारेही येत. तशी फी ठरवायला वकिलाला बंदी आहे, एवढे सांगून काका तो विषय तिथेच संपवत.

त्यांचा दयाळूपणा मला सर्वांत अधिक दिसला तो हक्कसोड पत्रांच्या कामात. भाऊ मसुदा करून घ्यायला येत आणि "बहिणींचे काही म्हणणे नाही, त्या फक्त सही करतील" असे सांगत. पक्षकार भाऊच असत, फी तेच देणार असत. तरीही प्रत्येक बहिणीशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय काका कागद पुढे सरकू देत नसत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आहे, तुम्ही नेमका किती हिस्सा सोडत आहात, आणि मी तुमच्या भावाचा वकील असल्यामुळे हवा तर दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेऊन या, असे ते त्यांना समजावत. काही बहिणी सगळे समजून घेऊन सही करत, काही विचार करते म्हणून परत जात. एखाद्या भावाने रागावून फाइल काढून घेतली, तरी काकांनी आपली पद्धत सोडली नाही. यात भावाशी बेइमानी होती असे मला वाटत नाही. न समजता केलेल्या सहीवर उभा राहिलेला व्यवहार पुढे कोर्टात आव्हानाला तोंड देतो, आणि तो त्रास भावालाच भोगावा लागतो.

आमच्याच घरातील वाटणीची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरले होते की कागद काकाच करतील. "यात मी भाऊ आहे, वकील नाही," असे म्हणून त्यांनी माझ्या वडिलांना आणि आत्याला वेगवेगळ्या वकिलांकडे पाठवले. आत्याचा हिस्सा तिला पूर्ण मिळाला. त्यांच्यावर नितांत विश्वास असलेल्या माणसांच्या बाबतीतही, किंबहुना त्यांच्याच बाबतीत, ते इतके काटेकोर का, हे तेव्हा घरातील बऱ्याच जणांना उमगले नव्हते.

आणि त्यांचे मौन. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट उघड करायला पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम 126 ने मनाई होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम 132 मध्ये आहे, आणि काम संपले तरी हे बंधन संपत नाही. काकांनी ते आयुष्यभर पाळले. ज्या कुटुंबांशी आमचे जाणे-येणे होते, त्यांचे खटले काकांकडे होते, हे काकूलाही आता भेटायला आलेल्या लोकांच्या तोंडून कळते आहे. ज्याचे काम एकदा केले, त्याच्याच विरुद्ध त्याच वादात उभे राहण्याचा प्रस्ताव कितीही मोठ्या फीचा असला, तरी त्यांनी तो स्वीकारला नाही.

मला त्यांनी वकील हो असे कधी सांगितले नाही, पण कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही न करण्याची शिस्त लावली, आणि न कळलेला शब्द विचारायला लाजू नये हेही शिकवले.

त्यांच्या पक्षकारांसाठी एक महत्त्वाची गोष्ट इथे नोंदवते. वकिलाच्या मृत्यूबरोबर त्याची नेमणूक संपते, त्यामुळे चालू दाव्यांत आपल्याला नवे वकीलपत्र दाखल करावे लागेल. आजारपणात काकांनी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, कामाचा टप्पा, राहिलेले साक्षीदार आणि मूळ कागदपत्रांची यादी लिहून ठेवली आहे. फाइल घेताना ती यादी समोर ठेवून कागद मोजून घ्यावेत. नवा वकील कोण नेमायचा हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. आपण सांगाल त्या वकिलाकडे फाइल सोपवावी, कोणालाही स्वतःकडेच थांबण्याचा आग्रह करू नये, असे काका त्यांच्या ज्युनिअरना सांगून गेले आहेत.