आपल्या विहिरीला काय धाड भरलीये!

पहिला पाऊस पडून विहिरीचं पाणी चहासारखं झालं, की वाडीतले काही शहाणे टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, शोधू लागतात. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. आपली विहीर आजोबांनी खणलेली, जांभ्यात बांधलेली, पाणी म्हणजे अमृत. आजोबांची चार भावंडं लहानपणीच हगवणीने गेली, पण त्याचा पाण्याशी काय संबंध? दृष्ट लागली असेल.

फारच कोणी मागे लागलं तर तुरटी फिरवा. तिने गढूळपणा तळाला बसतो, जंतू मरत नाहीत. पण जंतू दिसतात कुणाला?

तरीही टीसीएलच हवी? मग पंचायतीच्या कोपऱ्यातल्या, गेल्या पावसाळ्यापासून उघड्या पडलेल्या गोणीतली आणा. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. उघड्यावर तो उडून जातो आणि चुन्याची ढेकळं उरतात. शेजारच्या कपाटाच्या बिजागऱ्या गंजल्यात ना? क्लोरीन तिकडे कामी आला. हिशेबही नको. 3 मीटर व्यास, 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 70 ग्रॅम, गढूळ असेल तर जास्त, ही आकडेमोड मास्तरांनी करावी. आपण मूठभर घ्यावी आणि कठड्यावरून भिरकवावी. बादलीत कालवा, चुना बसू द्या, वरची निवळी पोहऱ्याने पाण्यात सोडून ढवळा, मग तासभर थांबा, एवढा वेळ कुणाला आहे? पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्ट तर करूच नका. तिचे थेंब टाकून नमुन्याचं पाणी पिवळं झालं नाही, तर पुन्हा पावडर घालावी लागते.

पाइप आणि टाकीचं नावही काढू नका. टाकीचं झाकण वादळात उडालं, आता वर पत्रा आहे, आत पाल आहे, चाललंय. जरा कडक क्लोरीनचं पाणी टाकीत चढवायचं, एकेक नळ वास येईपर्यंत सोडायचा, रात्रभर तसंच ठेवून सकाळी वाहून टाकायचं, म्हणजे सासूबाईंच्या आंघोळीची बोंब! शोषखड्डाही विहिरीपासून 15 मीटर हवा म्हणे. तुमचा 6 मीटरवर आहे, पण मध्ये सोनचाफा आहे ना.

आणि घरात कोणाचे डोळे पिवळे झालेच, तर तालुक्याच्या एसटी स्टँडवर भेळवाला असतोच. त्याचं नाव सांगा.